ध्वनिशिक्षण

ध्वनिशिक्षण म्हणजे गायन-वादनाच्या आधी मुलांना नीट ऐकायला लावणारी, आणि जे ऐकले ते कागदावर रेखाटून त्यातून स्वतःची रचना घडवू देणारी शालेय कार्यशाळांची पद्धती. १९६० च्या दशकात ती प्रामुख्याने कॅनडात आकाराला आली. ऑन्टॅरिओ प्रांतातील सार्निया येथे जन्मलेले संगीतकार आर. मरे शेफर (१९३३–२०२१) हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. १९६५ पासून सायमन फ्रेझर विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी अनेक छोट्या पुस्तिका लिहिल्या. त्यांपैकी १९६७ च्या पुस्तिकेचे नावच ‘कान साफ करणे’ अशा अर्थाचे आहे.

या पद्धतीचे मर्म तिच्या साध्या खेळांत दिसते. मुले गोल बसतात आणि एक कोरा कागद जराही आवाज न करता हातोहात पुढे देतात. कागदाची कड बोटाला घासली की होणारी बारीक खरखर, एरवी गोंगाटात हरवणारी, त्या क्षणी सगळ्या वर्गाला ऐकू जाते. मग शेजाऱ्याचा श्वास, बाकाची करकर आणि खिडकीबाहेरची रहदारीही कानावर येऊ लागते. ‘उद्या येताना एखादा वेधक आवाज घेऊन या’ हा शेफर यांचा गृहपाठही असाच होता. वाद्य विकत घ्यावे लागत नाही, ही गोष्ट गरीब शाळांच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

पुढची पायरी चित्राची. कागदावर डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, वरखाली स्वराची उंची दाखवली जाते आणि रेषेच्या जाडीवरून आवाजाचा जोर कळतो. स्वरलेखन न शिकलेले मूलही असा आलेख काढू शकते व दुसऱ्याने काढलेला वाचून गाऊ शकते. शेफर यांची ‘एपिटाफ फॉर मूनलाइट’ (‘चांदण्याचा मृत्युलेख’, १९६८) ही तरुण गायकवृंदासाठीची रचना अशाच आलेखात लिहिलेली आहे. तिच्यातील शब्द शाळकरी मुलांनी चांदण्यासाठी नव्याने घडवले होते : ‘मालूमा’, ‘शिव्हरग्लोवा’, ‘लुनियस’. माणूस चंद्रावर उतरण्याच्या बेतात असताना ही रचना झाली. लुकलुक, लखलख, झगमग असे प्रकाशाचे शब्द नादातूनच घडवणाऱ्या मराठी भाषकाला या मुलांची युक्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वर्गाबाहेर मुलांना ध्वनिफेरीला नेले जाते. सगळी न बोलता चालतात आणि परतल्यावर ऐकलेल्या आवाजांची यादी व नकाशा करतात. सायमन फ्रेझर विद्यापीठातच शेफर यांनी ठिकठिकाणच्या आवाजांचा अभ्यास करणारा जागतिक ध्वनिपरिसर प्रकल्प उभा केला व व्हँकूव्हर शहराच्या आवाजांची ध्वनिमुद्रणे केली, त्यामुळे या फेऱ्यांना परिसर-अभ्यासाची जोड मिळाली. त्यांचा जन्मदिवस, १८ जुलै, २०१० पासून जागतिक श्रवणदिन म्हणून पाळला जातो.

इंग्लंडमध्ये याच सुमारास संगीतकार व संगीतशिक्षक जॉन पेंटर यांनी वर्गातील सर्जनशील संगीतरचनेचा पुरस्कार केला. दोन्हीकडे अडचण आली ती मूल्यमापनाची. सुरात गाणाऱ्याला गुण देता येतात. कागद नि:शब्दपणे पुढे देणाऱ्या मुलाला किती गुण द्यायचे, याला प्रगतिपुस्तकात रकाना नसतो, आणि म्हणूनच अशा कार्यशाळा बहुधा वेळापत्रकाबाहेर, एखाद्या उत्साही शिक्षकाच्या भरवशावर चालत आल्या आहेत.