स्मॉल डी आणि सावड

ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती निघाली त्या संध्याकाळी भाची माझ्याकडे आली होती. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये लिनक्स टाकायचं खूळ. तिने टॉरंट लावलं, म्हणजे फाइल एका सर्व्हरऐवजी अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवायला घेतली, चहा घेतला आणि परत येऊन बघते तर वेग सेकंदाला ७५ केबी, उरलेला वेळ १९ तास. "मामा, तुझा प्लॅन शंभरचा आहे ना? की नुसतं सांगतोस?"

आधी माझ्या प्लॅनची अब्रू वाचवली. शंभरचा प्लॅन म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. डाउनलोडच्या खिडकीतला आकडा असतो बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे लाइन पूर्ण भरून वाहिली तरी साडेबारा एमबी. या हिशेबाने सव्वापाच जीबीची फाइल सात-आठ मिनिटांत यायला हवी. मग तीच फाइल ब्राउझरमधून, थेट संकेतस्थळावरून उतरवून बघितली. मिनिटाभरात पाचशे एमबी आली. लाइन ठणठणीत, वायफायही ठीक. ही चाचणी सगळ्यात आधी करावी. लोक टॉरंटच्या सेटिंगमध्ये तासभर खुडबुड करतात आणि खरा दोष दोन भिंतींपलीकडच्या राउटरचा असतो.

मग ब्राउझरनेच उतरवून मोकळं व्हायचं की! पण तोवर तिला फाइलपेक्षा कारणात रस वाटायला लागला होता. मलाही.

मी तिला म्हटलं, वेगाच्या आकड्याकडे बघू नकोस, यादी उघड. आम्ही क्यूबिटटॉरंट हे टॉरंटचं सॉफ्टवेअर वापरत होतो. त्यात खाली 'पीअर्स' असा टॅब असतो. आपण ज्यांच्याशी जोडलेले आहोत त्या सगळ्यांची ती यादी. आयपी पत्ता, देशाचा झेंडा, त्याच्याकडे किती टक्के फाइल आहे, आणि 'फ्लॅग्ज' नावाचा एक रकाना. या रकान्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण तिथे नुसती इंग्रजी अक्षरं असतात. कॅपिटल डी म्हणजे मला याच्याकडून तुकडे हवेत आणि हा देतोय. स्मॉल डी म्हणजे मला हवेत, पण हा देत नाही. आमच्याशी सदतीस जण जोडलेले होते. त्यात चार कॅपिटल, बाकी खालपर्यंत स्मॉल डीची रांग.

"यांच्याकडे आहे, तर देत का नाहीत?"

याचं उत्तर टॉरंटमागच्या बिटटॉरंट या पद्धतीच्या मुळाशीच आहे. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने ते आणलं, तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता. संकेतस्थळावरून फाइल घ्यायला जितकी गर्दी, तितका सर्व्हर गुदमरतो. त्याने उलटं केलं. फाइलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा २० बाइटांचा ठसा टॉरंट फाइलमध्ये नोंदवून ठेवायचा, आणि ज्याला तुकडा मिळाला त्याने तो लगेच दुसऱ्याला द्यायला लागायचं. तुकडा कुणाही अनोळखी माणसाकडून आला तरी ठसा जुळतो का ते पडताळता येतं, त्यामुळे खोटा माल खपत नाही. गर्दी वाढली की घेणारे वाढतात तसे देणारेही वाढतात.

फक्त देणारे खरंच देतील तर! घ्यायचं आणि पळायचं, हा मोह प्रत्येकाला. कोहेनने २००३ च्या आपल्या निबंधात त्यावरचा उपाय मांडला आहे, आणि तो गेम थिअरीतल्या 'जशास तसे' या डावपेचावर बेतलेला आहे. मूळ रचनेत प्रत्येक संगणक एका वेळी चारच जणांना माल देतो. दर १० सेकंदांनी तो हिशेब मांडतो की मला सगळ्यात वेगाने कोण देतंय. त्यांची दारं उघडी, बाकीच्यांची बंद. बंद करण्याला तिथे 'चोक' म्हणतात. आपल्याला चोक केलं, की आपल्या यादीत त्याच्या नावापुढे स्मॉल डी उमटतो. हल्लीची सॉफ्टवेअरं चारावर अडून बसत नाहीत, पण हिशेबाची तऱ्हा तीच.

कोकणात आणि मावळात भातलावणीला जी सावड चालते, ती ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावायला नको. आज तुमच्या खाचरात आम्ही चार माणसं, उद्या आमच्या खाचरात तुमची चार. मजुरी नाही, पण मोजदाद चोख. ज्याने सावड फेडली नाही त्याला पुढच्या लावणीला कुणी भांडत नाही, नुसतं त्याच्या बांधावर कुणी फिरकत नाही. फरक इतकाच, की गावात हे कळायला वर्ष लागतं आणि इथे १० सेकंद.

"तू अपलोडची मर्यादा किती ठेवली आहेस?" मी विचारलं.

"५ केबी. हॉस्टेलमध्ये सगळे तसंच ठेवतात. डेटा जातो ना."

सापडलं. मी तिथे ५ एमबी लिहायला लावलं. मिनिटभरात यादीतले तीन-चार स्मॉल डी कॅपिटल झाले, वेग ७५ वरून ६०० केबीवर गेला, आणि माझी इभ्रत थोडी वाढली.

इथे एक पोटकलम आहे. ज्यांच्याकडे फाइल पूर्ण आहे ते 'सीड'. त्यांना आपल्याकडून काहीच नको असतं, त्यामुळे ते परतफेडीचा हिशेब ठेवत नाहीत. जुन्या, लोकप्रिय फाइलला शेकडो सीड असतात, आणि तिथे कंजुषालाही भरघोस वेग मिळतो. हॉस्टेलमधली ५ केबीची युक्ती याचमुळे टिकून असणार. त्या संध्याकाळी आमच्या यादीत मात्र पूर्ण फाइलवाले मोजके होते आणि बाकी सगळे आमच्यासारखे अर्धे-मुर्धे. अशा वेळी कंजुषी नडते.

मर्यादा अजिबात काढून टाकावी का? तेही नको, विशेषतः टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट असेल तर. तिथे येण्याचा रस्ता रुंद आणि जाण्याचा चिंचोळा. डाउनलोड होणाऱ्या मालाची 'पोचलं, पुढचं पाठव' अशी पोचपावती याच चिंचोळ्या रस्त्याने जाते. तो अपलोडने गच्च भरला की पावत्या अडकतात, आणि समोरचा पुढचा माल धाडत नाही. अपलोड कमाल क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर बांधावं हा जुना आडाखा तिथूनच आला. पुढे टॉरंटवाल्यांनीच यावर उपाय काढला. डेटाचं पाकीट जायला किती उशीर होतोय ते मोजत राहायचं, आणि आपल्यामुळे रांगेत १०० मिलिसेकंदांहून जास्त खोळंबा होतोय असं दिसलं की आपणच मागे सरायचं. डिसेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६८१७ म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, त्याची रीतसर नोंद झाली. बदनाम सॉफ्टवेअरच्या पोटी एवढा सभ्य शिष्टाचार जन्मला, याची मला अजून गंमत वाटते.

या क्षेत्रात नवसही फार. ट्रॅकरच्या शंभर पत्त्यांची यादी कुठून तरी आणून चिकटवायची, हा हॉस्टेलचा दुसरा उपाय होता. ट्रॅकर फक्त एवढंच सांगतो की ही फाइल कुणाकुणाकडे आहे. हल्ली ते काम ट्रॅकरशिवायही होतं, संगणक एकमेकांना विचारत पत्ते काढतात. आमच्या काळचा नवस वेगळा होता. २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि त्याने अर्धवट, म्हणजे अजून समोरून उत्तर न आलेल्या, जोडण्या एका वेळी १० वर आणल्या. मग ती सिस्टिम फाइल खरवडून १० चे १०० करणारे पॅच सायबर कॅफेतून सीडीवर फिरायचे. मीही केला होता. वेग तोच राहिला, विंडोज मात्र दोनदा नव्याने टाकावं लागलं.

तर ६०० केबी. बरं होतं, पण पुरेसं नव्हतं. मी परत रकान्याकडे बोट दाखवलं. एक अक्षर कुठेच नव्हतं: आय. म्हणजे समोरून आपल्याकडे आलेली जोडणी. सदतीसच्या सदतीस जोडण्या आम्ही केलेल्या होत्या, आमच्याकडे कुणी आलेलंच नव्हतं. खालच्या पट्टीतलं जोडणीचं चिन्हही हिरवं नव्हतं.

ऑफिसातला एक्स्टेंशनचा फोन आठवा. आतून बाहेर फोन लागतो, पण बाहेरच्याने थेट तुमच्या टेबलावर लावायचा म्हटलं तर नंबरच नाही. घरचा राउटर हेच करतो. घरातल्या दहा उपकरणांना बाहेर मिळून एकच पत्ता. टॉरंटचं सॉफ्टवेअर राउटरला विनंती करून एक पोर्ट उघडून घेतं, म्हणजे ऑपरेटरला सांगून ठेवतं की या नंबरवर आलं की मला जोड. राउटरने ऐकलं तर प्रश्न मिटतो. ऐकलं नाही तर हाताने पोर्ट फॉरवर्ड करायचं.

आमच्या राउटरने ऐकलं होतं. तरी आय नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला. सुरुवात १००.७२ ने. इथे माझ्या लक्षात आलं.

जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४चे, पत्ते एकूण सव्वाचारशे कोटींच्या आसपास. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा खुला साठा १५ एप्रिल २०११ ला संपला. मग सेवा देणाऱ्या कंपन्यांनी शेकडो घरं एका पत्त्यामागे उभी केली. घराच्या एक्स्टेंशनवर आणखी एक बोर्ड, तो कंपनीच्या ताब्यात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते खास राखून ठेवले गेले. तुमच्या राउटरचा बाहेरचा पत्ता यात बसला, तर घरात कितीही पोर्ट उघडा, बाहेरच्याला दार दिसणारच नाही. आणि असे दोघं समोरासमोर आले तर दोघांनाही एकमेकांना फोन लावता येत नाही. त्यावर काही खटपटी आहेत, पण त्या दर वेळी लागू पडत नाहीत. यादीत हजार नावं असली तरी आपल्या हाताला मोजकीच का लागतात, त्याचं हे एक मोठं कारण.

"आणि कंपनीच मुद्दाम हळू करत असेल तर?"

असंही घडलेलं आहे. २००७ मध्ये अमेरिकेत रॉब टोपोल्स्की नावाचा नेटवर्कमधला जाणकार गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बार्बरशॉप चौकडीची गाणी वाटायला बसला होता, आणि त्याची जोडणी सारखी तुटत होती. त्याने पाकिटं तपासली. त्याची सेवा देणारी कॉमकास्ट दोन्हीकडच्या संगणकांना 'समोरच्याने फोन ठेवला' असा खोटा निरोप धाडत होती. असोसिएटेड प्रेसने नंतर पडताळा घेतला तो बायबलची फाइल पाठवून. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या तिथल्या दूरसंचार नियामकाने २००८ मध्ये कॉमकास्टविरुद्ध निकाल दिला, २०१० मध्ये न्यायालयाने तो फिरवला. आपल्याकडे नेट न्यूट्रॅलिटीबाबतच्या, म्हणजे कंपनीने इंटरनेटवरच्या सगळ्या मालाला सारखंच वागवावं याबाबतच्या, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या शिफारशी दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या. पण खरं सांगायचं तर वेग पडला की कंपनीला शिव्या घालणं सोपं असतं, आणि दहातल्या नऊ वेळा कारण घरात किंवा यादीत सापडतं.

आमच्या लाइनवर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, उपलब्ध होतं, राउटरमध्ये बंद ठेवलेलं. त्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा नंबर. ते चालू केलं, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका पोर्टापुरती वाट मोकळी केली, आणि सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग यादीत एक लांबलचक पत्ता उगवला, त्याच्यापुढे आय. मग दुसरा. मग पाच. चिन्ह हिरवं. वेग चार एमबी, सहा एमबी.

तिच्या यादीत आणखी एक टॉरंट महिनाभर रखडलेलं होतं, जुन्या नकाशांच्या स्कॅनचं, ९७.४ टक्क्यांवर. "आता याचंही कर ना." मी 'उपलब्धता'चा रकाना दाखवला: ०.९७४. जोडलेल्या सगळ्यांचे तुकडे एकत्र केले तरी पूर्ण फाइल होत नाही, असा त्याचा अर्थ. सगळे त्याच ९७.४ वर ताटकळत बसलेले. हे टळावं म्हणून प्रत्येक संगणक जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तोच आधी मागतो, पण शेवटचा सीड निघून गेला आणि काही तुकडे त्याच्याचकडे होते, तर कुठलंही सेटिंग कामाचं नाही. कुणीतरी परत येण्याची वाट बघायची.

तोवर ती स्वतःच अक्षरं वाचायला लागली होती. "मामा, हा बघ. याच्याकडे शून्य टक्के आहे. आपल्याला देण्यासारखं काहीच नाही, तरी आपण याला देतोय. आणि हा ओ कसला?"

ओ म्हणजे ऑप्टिमिस्टिक. चोख हिशेबात एक भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. दर ३० सेकंदांनी एक दार हिशेब न बघता कुणालाही उघडून द्यायचं. नाहीतर नवा माणूस देणार काय, आणि त्याला मिळणार कधी? तिची सुरुवातीची ७५ केबी यातूनच आली होती, अशाच कुणाकुणाच्या ओमधून आणि थोडी सीडांच्या कृपेने.

अर्ध्या मिनिटाने ओ पुसला गेला. तोवर त्या पत्त्यापुढे शून्याऐवजी ०.१ टक्के दिसत होतं.