त्रिकोणातला आकडा म्हणजे रिसायकलची हमी नव्हे

प्लॅस्टिकचा डबा उलटा केला की तळाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि आत १ ते ७ मधला एक आकडा दिसतो. तो पाहून ‘चला, हे रिसायकल होतं’ म्हणणारे रोज भेटतात. शिकलेसवरलेले लोकही हेच छातीठोकपणे सांगतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

नुसत्या तीन बाणांची खूण सगळ्यांच्या ओळखीची आहे. गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने ती १९७० मध्ये एका स्पर्धेसाठी काढली. खूण एकटी असेल तर ‘ही वस्तू रिसायकल होऊ शकते’ हा उत्पादकाचा दावा. सोबत टक्केवारी असेल तर तेवढा माल आधीच रिसायकल केलेला आहे, असा अर्थ. या दोन्हींचे नियम आयएसओ १४०२१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत.

आकड्याचं काम वेगळंच. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये तो आणला, तो प्लॅस्टिकचा प्रकार कळावा म्हणून. १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक), ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे पहिल्या सहांत न बसणारं काहीही. वस्तू कशाची आहे एवढंच तो सांगतो. पुढे तिचं काय होणार, याबद्दल अवाक्षरही नाही.

लोक फसतात ते इथेच. पॉलिप्रॉपिलीनचे दोन ट्रे घ्या, एक पारदर्शक, एक काळा. दोन्हींवर ५. वर्गीकरणाची बरीच यंत्रं डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी प्लॅस्टिक ओळखतात आणि काळ्या ट्रेला रंग देणारी काजळी ते किरण शोषून घेते. यंत्राला ट्रे दिसतच नाही, तो कचऱ्यात जातो. पेटच्या बाटलीचंही तसंच: तळाशी १ असतो, पण अंगभर दुसऱ्याच प्लॅस्टिकचं घट्ट वेष्टन असेल तर यंत्र बाटलीऐवजी वेष्टन वाचतं. आकडा खोटा नसतो, तरी बाटली परत कामी येत नाही. शिवाय तुमच्या भागात तो प्रकार गोळा होतो का, कोणी विकत घेतं का, हे प्रश्न उरतातच.

माझ्या मते दोष वाचणाऱ्याचा नाही. प्रकार सांगणाऱ्या आकड्याभोवती रिसायकलचे बाण काढले की दुसरं काय वाटणार? ‘एएसटीएम’ या मानक संस्थेने २०१३ मध्ये बाण हटवून साधा त्रिकोण घेतला, पण जुने साचे चालूच राहिल्याने बाण अजून सगळीकडे आहेत. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्यात नेमकं यावरच बोट ठेवलं. बाण छापायचे तर इतर अटींसोबत तो माल राज्यातल्या किमान ६० टक्के लोकसंख्येच्या भागांत गोळा होत असला पाहिजे. आकड्याभोवतीचे बाणही या अटीतून सुटत नाहीत.

असाच नियम सगळीकडे हवा. आकडा तळाशी, लहान, बाणांशिवाय राहू द्या. वर्गीकरण करणाऱ्याला तो लागतो. रिसायकलचा दावा मात्र वेष्टनावर शब्दांत लिहायला लावा, वस्तूच्या भागानुसार, जसं शाम्पूच्या बाटलीवर: बाटली रिसायकलला, वेष्टन फाडून वेगळं, पंप कचऱ्यात. ‘पर्यावरणस्नेही’ असलं मोघम विशेषण तर मुळीच चालवून घेऊ नये.