काळा राखाडी होतो तेव्हा

फोटोला विटका लूक द्यायचा म्हणजे रंग फिके करायचे, असा बहुतेकांचा समज असतो. खरी करामत काळ्यात आहे. एडिटिंग ॲपमधला टोन कर्व्ह, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार बदलायचा आलेख, उघडा. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे जाणारी तिरपी रेघ दिसेल. तिचं डावं टोक जरासं वर सरकवा. नेहमीच्या ८-बिट फोटोत काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. आता ० च्या जागी, समजा, ३० आला. केसांचा काळा राखाडी होतो, सावल्यांवर धुरकट साय धरते आणि काल काढलेला फोटो कधीचा तरी जुना वाटू लागतो. सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंगांच्या भडकपणाच्या, पट्टीला तर हातही लावलेला नसतो!

असं का व्हावं? लांबच्या डोंगररांगा आठवा. पहिली गडद, तिच्यामागची फिकट, त्याहून मागची आभाळात विरत चाललेली. मधली हवा सूर्यप्रकाश विखुरते आणि त्यातला काही डोळ्यात शिरून डोंगराच्या सावल्यांत मिसळतो. अंतर वाढेल तसा काळा उजळत जातो. लेप नसलेल्या जुन्या लेन्समध्येही काहीसं असंच. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परततो, आतल्या आत भटकतो आणि सावल्यांवर सांडतो. (झाइस या जर्मन लेन्स कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा लेप शोधला तो १९३५ साली.) शिवाय छापील फोटोतली रंगद्रव्यं विटली की त्यातला काळाही उतरतो. लांबचं आणि जुनं, दोन्हींची खूण एकच. मला वाटतं, या लूकची ओढ इथेच आहे: डोळ्यांसमोरचं दृश्य हातभर मागे सरकतं.

अर्थात हा जुनेपणा निवडक आहे. रंगीत प्रिंटमधली सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळी द्रव्यं एकाच वेगाने विटत नाहीत. अल्बमच्या अंधारात राहिलेल्या कित्येक जुन्या प्रिंटांतला सायन आधी गेला आणि चेहरे तांबूस, भाजल्यासारखे झाले. तसला जुनेपणा सहसा कुणाला नको असतो.

आणि काळा उचलला म्हणून सावलीतलं लपलेलं काही वर येत नाही. फोनने सेव्ह केलेल्या जेपेगमध्ये केसांचा जो भाग सरसकट ० होता, तो आता सरसकट ३० होतो. कानामागची बट त्यात आधीही नव्हती, आताही नाही.