नागपूर परिसरातील रात्रीची गळमासेमारी

दिवस मावळल्यावर तलावाच्या, जलाशयाच्या किंवा नदीच्या काठावर बसून गळाने मासे धरण्याची रीत. नागपूर जिल्ह्यात तिचा खरा हंगाम होळीपासून मृगापर्यंतचा. त्यामागचे पहिले कारण माशाचे नाही, माणसाचे आहे: दुपारी काठावर बसवत नाही. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. साहजिकच हौशी गळवाले डबा, पाण्याची कॅन आणि बॅटरी घेऊन सायंकाळी निघतात.

या छंदावर इंटरनेटवर जे काही सापडते, त्यातले बरेचसे ‘बास’ या माशाविषयी असते आणि तिथेच गफलत होते. ब्लॅक बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. नागपूरच्या पाण्यात तो नाही. तिकडे बास वसंतात, पाणी साधारण १५ ते २० अंशांवर आले की उथळ जागी घरटे करतो आणि नर अंड्यांची राखण करतो. उन्हाळ्यात दिवसा खोल पाण्यात किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत राहून तो रात्री काठाशी शिकारीला येतो. म्हणून तिकडचे गळवाले रात्री काळे आमिष संथ, एका चालीने ओढतात. खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर काळी आकृती ठळक दिसते, आणि एकसारख्या हालचालीचा माग त्याला अंगावरच्या संवेदी रेषेने काढता येतो. हे तंत्र इथे उपयोगी पडते. त्यांचे पंचांग मात्र पडत नाही. तिकडे वर्ष बर्फ वितळण्याने उलटते, इथे पावसाने.

बासचा इथला भाऊ म्हणून मरळीचे नाव घेतले जाते. दबा धरून बसणे, गवताच्या कडेने झडप घालणे, पिल्लांची राखण करणे या गोष्टी जुळतात. मरळीत तर नर आणि मादी दोघेही पिल्लांवर पहारा देतात. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर खदखदताना दिसला की खाली पालक आहेत असे समजावे. अशा वेळी गळ टाकू नये, हा जुन्या लोकांचा संकेत. मरळ वरून हवा घेते, म्हणूनच ती बाजारात टोपल्यात तासन्‌तास जिवंत राहते आणि भावही खाते. मात्र ती मुख्यतः दिवेलागणीची आणि झुंजूमुंजूची शिकारी. मधल्या गडद तासांत गळाला लागतात ते मिशावाले मासे: शिंगाडा आणि मागूर, शिवाय वाम. ते वासाने आणि मिशांच्या स्पर्शाने तळ चाचपतात, त्यांना उजेडाची गरज नसते. तेव्हा नागपुरात ‘रात्रीचा बास’ शोधणाऱ्याने एकाच्या जागी दोन मासे धरावेत, स्वभावाला मरळ आणि वेळेला शिंगाडा.

उन्हाळ्यात रात्रीचेही दोन भाग पडतात. सूर्य बुडाल्यावर लगेच काठाचे पाणी कोमट असते. ते जरा निवल्यावर, नऊ-दहाच्या पुढे, हालचाल सुरू होते. पहाटेचा तास मात्र फसवा. अंधारात पाणवनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, उलट त्याही वापरतात. त्यामुळे उथळ, शेवाळलेल्या तलावात उजाडण्याच्या आधी प्राणवायू सर्वांत कमी असतो. रोहू, कतला तोंड वर काढून मचमच करताना दिसतात आणि नवखा खूश होतो. खाण्यासाठी नव्हे, श्वासासाठी ते वर आलेले असतात. कणकेच्या गोळीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. हवेवर जगू शकणाऱ्या मरळीला आणि मागुराला या अडचणीचा त्रास कमी.

जूनच्या मध्यानंतर पहिला दमदार पाऊस पडला की सगळे बदलते. रस्त्याच्या दिव्यांखाली पंख फुटलेल्या वाळवीचा सडा पडतो. तलावाकाठच्या दिव्याखाली हेच किडे पाण्यावर गळतात आणि लहान मासे तिथे जमतात, त्यांच्यामागे मोठे. त्याच रात्री नाले-ओढे वाहू लागतात आणि ‘चढणीचे मासे’ प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. बॅटऱ्या, टोपल्या, फेकजाळी घेऊन लोक बांधावर उतरतात. गंमत खरी, पण ते मासे अंड्यांनी भरलेले असतात. एका रात्रीच्या रश्श्यासाठी पुढच्या वर्षाचे मासे कढईत जातात. भर पावसाळ्यात पाणी गढूळ असते, काठ निसरडे होतात. अंबाझरी तलाव भरून वाहिल्यावर काय होते, हे शहराने २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच्या पुरात पाहिले आहे.

पोळ्यानंतर पाणी निवळते आणि कोजागिरीच्या आसपास पुन्हा चांगल्या रात्री मिळतात. हिवाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. काठाचे पाणी रात्री आधी गार होते, मासा खोलात जातो, खाणे मंदावते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा थंडीत काठावर बसणाऱ्याचे कौतुक करावे, अनुकरण नाही.

सामान साधे असते. तरंगा अंधारात दिसत नाही, म्हणून काठीच्या टोकाला घुंगरू बांधतात. जुने लोक तेही बांधत नाहीत. दोर तर्जनीवरून सैल सोडतात. शिंगाडा आधी दोन-तीनदा नुसता चाचपतो, दोर बोटावर मुंगी चालल्यासारखा हलतो. मग एक सरळ, जड ओढ येते. ओढायचे ते तेव्हा. ‘काहून बे, लागली का?’ असा शेजारच्याचा आवाज नेमका आधी येतो आणि घाई होते. आमिष म्हणून गांडूळ किंवा झिंगा, मरळीसाठी रबरी बेडूक. मासा काढताना शिंगाड्याच्या आणि मागुराच्या कल्ल्यामागचे काटे सांभाळावेत. ते रुतले की हात बराच वेळ ठणकतो. दिव्याचा झोत पाण्यावर फिरवत राहणे ही नवख्याची खूण, आणि धपाधप पाय आपटणे त्याहून वाईट. चालताना मात्र बॅटरी पायापुढेच हवी. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. काठावर चटई टाकून झोपणे हा या छंदातला सर्वांत महागडा आळस आहे.

पाणी कुणाचे, हा प्रश्न मात्र आधी विचारायला हवा. जिल्ह्यातले बरेच तलाव मासेमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. मत्स्यबीज त्यांनी सोडलेले असते, आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजातल्या अनेक कुटुंबांची चूल त्यावर चालते. ते रात्री जाळी लावून पहाटे डोंग्यातून काढतात. काळोख्या रात्री त्यांना बऱ्या, कारण चांदण्यात माशाला जाळे दिसते. त्यांच्या जाळ्याच्या रेषेत गळ टाकणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या तलावांवरही हेच लागू. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोह जलाशयाची गोष्ट वेगळी. धरणाने विस्थापित झालेल्या मध्य प्रदेशातल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना दिलेल्या मासेमारी परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, पण अटी घातल्या; काठावर स्वयंपाकासाठी विस्तव पेटवायचा नाही, ही त्यांतली एक. हौशी गळवाल्याला तिथे दिवसाही जागा नाही.