गाडीत वायरलेस संच बसवताना: बॅटरीपासून ॲंटेनापर्यंत

गाडीत बसवायच्या 50 वॅटच्या व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेच्या) वायरलेस संचाची किंमत, त्याचा डिस्प्ले, त्यातले चॅनेल यांवर खूप बोलले जाते. त्याच्या मागून निघणाऱ्या लाल आणि काळ्या वायरींवर फारसे कोणी बोलत नाही. खरे तर संच बसवण्याच्या कामातला सगळा धोका त्या दोन वायरींत, ॲंटेनाच्या जागेत आणि संच कशाला घट्ट धरून आहे यात असतो. संच स्वतः क्वचितच आग लावतो, वायर मात्र लावते.

इथे उदाहरण म्हणून 12 व्होल्टची साधी पेट्रोल किंवा डिझेल कार आणि 144 ते 146 मेगाहर्ट्‌झ या हौशी रेडिओच्या वारंवारता-पट्ट्यात चालणारा 50 वॅटचा संच घेतला आहे. भारतात असा संच घेण्याआधीच दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवाने देणाऱ्या) शाखेचा हौशी केंद्राचा परवाना हातात असावा लागतो, आणि वाहनातून प्रक्षेपण करण्याविषयी त्यात काय लिहिले आहे ते नीट वाचावे लागते. पोलीस, रुग्णवाहिका, वनविभाग यांच्या गाड्यांतल्या संचांची वारंवारता आणि परवाना वेगळा असतो. वायरिंगचे शास्त्र मात्र तेच.

फ्यूज वायरसाठी असतो

बोलण्याचे बटण दाबले की हा संच सुमारे 12 अँपिअर वीज ओढतो. इंजिन चालू असतानाच्या 13.8 व्होल्टने गुणले तर 165 वॅट झाले. त्यातले 50 वॅट ॲंटेनाकडे जातात, उरलेल्या 115 वॅटची उष्णता होते. पण संचाला किती वीज लागते एवढ्यावर भागत नाही. बॅटरी किती देऊ शकते हेही पाहायला हवे. स्टार्टर फिरवणारी बॅटरी शॉर्ट झाल्यास काही शे अँपिअर सहज सोडते. संचापर्यंतच्या पाच मीटर वायरीवर मध्येच कुठे आवरण खरचटले आणि आतले तांबे बॉडीला लागले, तर तो सगळा प्रवाह त्या बारीक वायरीतून धावतो. आवरण वितळते आणि शेजारची वायर, कार्पेट, इन्सुलेशनचा फोम पेट घेतो.

संचाबरोबर आलेल्या वायरीत संचाजवळ एक फ्यूज असतोच, म्हणून अनेक जण निश्चिंत राहतात. तो फ्यूज संचाला वाचवतो. बॅटरी आणि त्या फ्यूजच्या मधल्या वायरीला त्याचे काहीच संरक्षण नसते. म्हणून पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज हवा. 12 अँपिअरच्या संचाला 15 किंवा 20 अँपिअरचा पात्याचा फ्यूज, झाकण असलेल्या होल्डरमध्ये. काचेचा फ्यूज बॉनेटखालच्या थरथराटीत सैल होतो आणि सैल जोड गरम होतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा टाकू नका, कारण शोधा. त्याचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा कमीच असायला हवा.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर 120 वॅट लिहिलेले असते, म्हणजे 10 अँपिअर. त्याचा संपर्क फक्त एका स्प्रिंगच्या दाबावर टिकतो. पाच वॅटचा हातातला संच चार्ज करायला ते ठीक. 50 वॅटचा संच त्यावर कधीच चालवू नये. आधी आवाज तुटायला लागतो, मग प्लग मऊ पडतो.

वायरीची जाडी, आकड्यांत

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे 17 मिलिओहम. बॅटरीपासून संचापर्यंत पाच मीटर आणि परतीचे पाच, असे दहा मीटर धरू. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत 12 अँपिअरला जवळजवळ 1.4 व्होल्ट वाटेतच गळतात. अडीचच्या वायरीत 0.8, आणि चारच्या वायरीत अर्धा व्होल्ट. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.4 व्होल्ट आहेत असे समजा. दीडच्या वायरीवर संचाला मिळतात 11. बहुतेक संचांची मर्यादा 13.8 च्या 15 टक्के वर-खाली, म्हणजे साधारण 11.7 ते 15.9 व्होल्ट. त्यामुळे बटण दाबताच संच बंद पडून पुन्हा सुरू होतो, किंवा समोरच्याला घोगरा, फाटका आवाज ऐकू जातो. दोष बहुधा संचाला दिला जातो, तो दुरुस्तीला जातो आणि ‘ठीक आहे’ म्हणून परत येतो.

तेव्हा चार चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचिक वायर घ्या. घेताना तारेचे टोक खरवडून पाहा. कार ऑडिओच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच वायरी आतून ॲल्युमिनियमच्या आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. आतून पांढरट दिसली तर ती ठेवून द्या. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो आणि थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबताना तारा तुटतात.

काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर कुठे लावायची यावर जुना आणि नवा सल्ला वेगळा आहे. पूर्वी ती थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावत आणि तिच्यातही फ्यूज टाकत. त्या फ्यूजला कारण होते. इंजिन आणि बॅटरी जोडणारी अर्थची पट्टी गंजून तुटली, तर स्टार्टरचा प्रवाह परतीचा दुसरा रस्ता शोधतो. ॲंटेनाची केबल बॉडीला, केबल संचाला आणि संचाची काळी वायर बॅटरीला, हा रस्ता त्याला आयता मिळतो. आजच्या अनेक गाड्यांत निगेटिव्ह टोकावरच बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो. वायर थेट टोकाला लावली तर संचाने ओढलेली वीज सेन्सरच्या हिशेबात येतच नाही, आणि चार्जिंगचा अंदाज चुकत जातो. म्हणून बॅटरीची अर्थची पट्टी बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली असते, तिथे काळी वायर न्यावी. तिथला रंग धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून थिंबल घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. डॅशबोर्डखालचा दिसेल तो स्क्रू अर्थसाठी वापरू नका. त्यातले बरेच प्लॅस्टिकला किंवा रंगवलेल्या पत्र्याला धरलेले असतात.

काम सुरू करताना आधी निगेटिव्ह टोक सोडवा. पॉझिटिव्ह आधी सोडायला घेतले आणि पाना बॉडीला लागला, तर तिथेच ठिणगी उडते. जोडताना उलटा क्रम ठेवा, निगेटिव्ह शेवटी. काही गाड्यांत बॅटरी सोडली की स्टीरिओचा कोड मागितला जातो किंवा काचांची सेटिंग पुसली जाते, त्यामुळे गाडीचे पुस्तक आधी चाळावे.

वायर इंजिनाच्या बाजूने आत नेताना फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातल्या) रबर ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकाच्या रबरी कडीतूनच, काढा. उघड्या पत्र्याच्या भोकातून नेलेली वायर थरथरून वर्षभरात कापली जाते. पुढे ती नळीदार स्लीव्हमध्ये घालून एक्झॉस्ट, स्टिअरिंगचा दांडा आणि पेडल यांपासून लांब ठेवा. सीएनजीच्या गाडीत गॅसच्या बारीक पोलादी नळीत 200 बारच्या आसपास दाब असतो. त्या नळीला वायर बांधू नये, तिच्याजवळ ड्रिल चालवू नये, आणि अर्थसाठी तिला हात तर लावूच नये. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी आवरणाच्या केबलपासून दूर राहा. संचाची वीज फक्त 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरून घ्यावी.

ट्रक आणि बसमध्ये 12 च्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. त्यातल्या एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढायचा मोह अनेकांना होतो. मग ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते आणि दुसरी चार्जिंगवर गरजेपेक्षा जास्त भरते. काही महिन्यांत दोन्ही जातात. अशा गाडीत 24 वरून 13.8 व्होल्ट देणारा 20 अँपिअरचा कन्व्हर्टर लावावा.

संच कुठे धरायचा

सव्वा किलोचा संच निरुपद्रवी वाटतो. पण जोरदार टक्कर होते तेव्हा 30 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 30 पट, इतकी गतिमंदी सहज येते. त्या क्षणी तो संच आपल्या जागेवरून 37.5 किलो वजनाच्या जोराने ओढला जातो. दुहेरी चिकटपट्टी किंवा वेल्क्रो इथे कामाचे नाहीत. ब्रॅकेट पत्र्याला नट-बोल्टने, मोठ्या वॉशरसह, न सुटणाऱ्या नायलॉन नटने धरा. फक्त माइक आणि डिस्प्ले हाताशी ठेवून संचाचा मुख्य भाग सीटखाली किंवा डिकीत ठेवता येणारे संच मिळतात, आणि ते घेणे केव्हाही चांगले.

सीटखाली पाहताना पिवळे कनेक्टर दिसले तर थांबा. पिवळा रंग एअरबॅग आणि टक्कर होताच सीटबेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरच्या वायरींचा असतो. एअरबॅग 30 मिलिसेकंदांच्या आसपास पूर्ण फुगते. तिच्या मार्गात ठेवलेला माइकचा हूक किंवा डिस्प्ले गोळीसारखा उडतो. 2021 पासून भारतातल्या नव्या मॉडेलमध्ये पुढच्या सहप्रवाशासमोरही एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे ग्लोव्ह बॉक्सच्या वरची मोकळी जागा आता मोकळी राहिलेली नाही. कर्टन एअरबॅग (बाजूला पडद्यासारखी उघडणारी) पुढच्या काचेच्या खांबातून आणि दारांच्या वरून जाते. ॲंटेनाची केबल तिथून न्यायचीच असेल तर ती बॅगच्या मागून न्या, पुढून कधीच नको. बॅटरी सोडल्यावरही एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून काही मिनिटे थांबूनच तिच्या आसपासचे आवरण उघडावे.

ॲंटेना: छत हाच तिचा अर्धा भाग

145 मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे 2.07 मीटर. तिचा पाव भाग 52 सेंटिमीटर, आणि प्रत्यक्षात दांडा थोडा आखूड, 49 सेंटिमीटरच्या आसपास लागतो. पण पाव तरंगाच्या ॲंटेनाचा हा दांडा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग खालचा पत्रा पुरवतो. म्हणून छताच्या मध्यभागी ती सर्वांत चांगली चालते. मागच्या बंपरवर लावली तर गाडीच्या पुढच्या दिशेला सिग्नल कमजोर होतो. काचेचे मोठे सनरूफ किंवा फायबरची बॉडी असेल तर पाव तरंगाची ॲंटेना उपयोगी नाही, अर्ध्या तरंगाची घ्यावी.

चुंबकाचा बेस रंगाच्या थरातून पत्र्याशी विद्युतदृष्ट्या जोडला जातो आणि या वारंवारतेला ते पुरेसे ठरते. बेस आणि छप्पर दोन्ही पुसून मगच ठेवा, अडकलेली वाळू रंग कुरतडते. केबल दारातून आणताना दार लागले की ती चेपते. आतल्या तारेच्या आणि जाळीच्या मधले प्लॅस्टिक दबले की तिथला इम्पिडन्स (रेडिओलहरींना होणारा रोध) संचाला हवा तसा 50 ओहम राहत नाही. म्हणून तिला दाराच्या रबरातल्या मऊ, वळणाच्या जागेतून आणा. कायमचे काम हवे असेल तर छताला 19 मिलिमीटरचे भोक पाडून बसवायचा बेस उत्तम. ड्रिल मारण्याआधी आतले अस्तर उतरवून खाली काय आहे ते पाहावेच लागते.

नेहमीच्या आरजी-58 केबलमध्ये या वारंवारतेला पाच मीटरमागे साधारण एक डेसिबल, म्हणजे 20 टक्के शक्ती जाते. उरलेली केबल गुंडाळून सीटखाली कोंबण्यापेक्षा मापाने कापून नवा कनेक्टर लावा. मग एसडब्ल्यूआर, म्हणजे ॲंटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणारा आकडा, मोजा. 1.5 असेल तर 4 टक्के शक्ती परत येते, 2 असेल तर 11 टक्के, आणि 3 असेल तर 25 टक्के. 1.5 च्या आत आणायला दांडा दोन-दोन मिलिमीटर कमी करत जावे. एसडब्ल्यूआर वारंवारतेच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला कमी आणि वरच्या टोकाला जास्त असेल, तर दांडा लांब आहे.

माणसांपासूनचे अंतरही मोजता येते. सामान्य लोकांसाठी आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा या वारंवारतेला चौरस मीटरला 2 वॅट आहे. 50 वॅट सतत सोडले तर मोकळ्या जागेच्या हिशेबाने ही मर्यादा सुमारे 1.8 मीटरवर येते. निम्मा वेळच बोललात तर 1.3 मीटरवर. छताच्या मध्यावरच्या ॲंटेनाखाली बसलेल्यांना पत्र्याची आड मिळते. बाहेर गाडीला टेकून उभ्या असलेल्याला ती मिळत नाही, आणि दांड्याला हात लागला तर भाजते. पेट्रोल पंपावर आणि सीएनजीच्या रांगेत संच बंदच ठेवावा. घाटात किंवा खाणीत सुरुंगाची पाटी दिसली तरीही तेच. विजेने उडणाऱ्या डेटोनेटरच्या तारा ॲंटेनासारख्या वागू शकतात.

चाचणी

आधी ॲंटेनाऐवजी 50 ओहमचा डमी लोड (शक्ती हवेत न सोडता जिरवणारा रोध) लावून बोला. इथेच डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले किंवा संच बंद पडला, तर दोष वीजपुरवठ्यात आहे. डमी लोडवर सगळे ठीक आणि ॲंटेना लावल्यावर वायपर आपोआप हलला, सेंट्रल लॉक खटकला किंवा एबीएसचा दिवा लागला, तर रेडिओलहरी गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरत आहेत. ही चाचणी गाडी उभी, इंजिन चालू आणि हँडब्रेक ओढून करावी, कमी शक्तीपासून पूर्ण शक्तीपर्यंत. उपाय म्हणजे ॲंटेना हलवणे, केबल गाडीच्या वायरिंगच्या समांतर न नेता काटकोनात ओलांडणे, आणि संचाजवळ वायरींवर फेराइट (रेडिओलहरी अडवणारी कडी) लावणे. एवढे करूनही ब्रेक किंवा स्टिअरिंगचा दिवा लागत असेल तर शक्ती कमी करा, आणि तरीही लागत असेल तर त्या गाडीत तो संच वापरू नका.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची असते. ती बहुधा वायर बॅटरीवरून न घेता मधूनच कुठून तरी घेतल्याने येते. वेगाबरोबर वाढणारी टकटक इग्निशनची.

शेवटी मल्टिमीटर घ्या. बटण दाबून बॅटरीच्या टोकांवर आणि संचाच्या प्लगवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. जास्त असेल तर अर्थचा बोल्ट किंवा फ्यूजचा होल्डर हाताने चाचपा. जो गरम लागेल तो जोड खराब. महिनाभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पावसाळ्याआधी ॲंटेनाच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबर टेप नव्याने गुंडाळा, कारण कोॲक्स केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरले की ती वाळवून उपयोग होत नाही, बदलावीच लागते.