अजगरांच्या पैदाशीचा धंदा आणि १९०० सालचा कायदा

अमेरिकेत घरच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये अजगरांची पैदास करून पिल्ले विकणाऱ्यांना ज्या कायद्याची धास्ती वाटत आली, तो सापांसाठी झालाच नव्हता. २५ मे १९०० रोजी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी सही केलेला लेसी कायदा मुख्यतः बेकायदा शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्यात नेऊन विकण्याविरुद्ध होता. त्यातच एका कलमाने मुंगूस, फळे खाणारी मोठी वटवाघळे, इंग्लिश चिमणी आणि स्टार्लिंग बाहेरून आणायला बंदी घातली. उपद्रवी प्राण्यांची ही यादी वाढत गेली. त्यात साप आला तो १९९० मध्ये : ग्वाम बेटावरचे पक्षी फस्त करणारा ब्राउन ट्री स्नेक. तो पाळणारे फारसे कोणी नसल्याने धंद्याला झळ बसली नाही.

सरपटणारे प्राणी विकण्याच्या धंद्याला त्याआधीचा मोठा दणका आरोग्याच्या बाजूने बसला होता. पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूची लागण लहान मुलांना होते म्हणून १९७५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांपेक्षा कमी लांबीची पाठ असलेल्या कासवांची विक्री थांबवली. एवढे लहान कासव मूल सहज तोंडात घालते, हे त्यामागचे कारण. धंदा मात्र नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांवरच चाले. लुइझियानातल्या कासवपालकांनी मग निर्यातीची वाट धरली, कारण निर्यातीला सूट होती.

अजगरांचे प्रकरण फ्लोरिडातून सुरू झाले. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मी अजगर अंडी घालून स्थिरावल्याचे २००० साली मान्य झाले. २००६ मध्ये तिथल्या जलव्यवस्थापन मंडळाने त्याला उपद्रवी यादीत घालण्याची मागणी केंद्राकडे केली. फ्लोरिडाने स्वतः २००८ पासून मोठ्या अजगरांसाठी वर्षाला १०० डॉलरचा परवाना आणि कातडीखाली मायक्रोचिप सक्तीची केली. हा भार पेलण्यासारखा होता. केंद्राच्या नियमाने मात्र बाजारच तोडला.

२३ जानेवारी २०१२ रोजी नियम प्रसिद्ध झाला आणि २३ मार्चपासून लागू झाला. बर्मी अजगर, उत्तर व दक्षिण आफ्रिकी रॉक पायथन आणि पिवळा ॲनाकोंडा यांची आयात आणि राज्याबाहेर वाहतूक बंद. संकरित पिल्ले आणि उबवता येणारी अंडीसुद्धा त्यात आली. बाळगायला आणि राज्यातल्या राज्यात विकायला केंद्राची हरकत नव्हती. परवाना मिळे तो प्राणिसंग्रहालय, शिक्षण, वैद्यक आणि विज्ञान यांच्यासाठीच. घर बदलून शेजारच्या राज्यात जाणाऱ्या पैदासकाराला आपले अजगर बरोबर नेता येत नव्हते. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती.

आता ही साठ दिवसांची मुदत पैदाशीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. बर्मी अजगरांची जोडी हिवाळ्यात लावतात, मादी वसंतात तीसेक अंडी घालते. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुशात) ३१ ते ३२ अंश सेल्सिअसला ती फुटायला सुमारे दोन महिने लागतात. तापमान फार खाली गेले तर पिल्ले वाकड्या कण्याची निघतात किंवा अंड्यातच मरतात. पिल्लाने पहिली कात टाकून दोन-चार वेळा उंदीर खाल्ल्याशिवाय ते विकू नये, म्हणजे आणखी महिनाभर. नियम जाहीर झाला तेव्हा त्या वर्षीच्या माद्या जोडीला लावून झाल्या होत्या आणि एकही पिल्लू मुदतीआधी विक्रीला येणार नव्हते. मोठ्या मादीला तर वर्षभर ससे घालावे लागतात, गिऱ्हाईक असो वा नसो. रंगाच्या दुर्मिळ वाणाचे गिऱ्हाईक देशभर विखुरलेले असते. एका राज्यात त्याला भावच येत नाही.

मार्च २०१५ मध्ये जाळीदार अजगर आणि ॲनाकोंडाच्या आणखी तीन जाती यादीत आल्या. या वेळी मुदत तीसच दिवसांची. मूळ प्रस्तावातला बोआ मात्र वगळला गेला. प्रस्तावातल्या जातींपैकी सर्वांत जास्त पाळला जाणारा साप सुटला, हा योगायोग वाटत नाही. घरोघरी पाळला जाणारा लहानसा अजगर, बॉल पायथन, तर प्रस्तावातही नव्हता.

पैदासकारांची संघटना न्यायालयात गेली होतीच. ७ एप्रिल २०१७ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९६० साली कायद्यात घातलेल्या एका शब्दयोजनेवर निकाल दिला. कलमात मुख्य भूमीवरची राज्ये, कोलंबिया जिल्हा (म्हणजे राजधानी वॉशिंग्टन), हवाई, पोर्तो रिको ‘यांच्यादरम्यान’ असे शब्द आहेत. मुख्य भूमीवरची ४९ राज्ये हा त्यातला एकच घटक, तेव्हा त्यांच्या आपापसातल्या वाहतुकीला हे कलम लागत नाही, असा अर्थ लागला. टेक्सासहून ओहायोला अजगर पुन्हा जाऊ लागला, राजधानीत मात्र नाही! २०२२ मध्ये कनिष्ठ सभागृहाने ही फट बुजवणारे कलम एका मोठ्या विधेयकात मंजूर केले. अंतिम कायद्यात ते उरले नाही.

तेव्हापासून खरे जोखड राज्यांचे. फ्लोरिडाने २०२१ मध्ये सोळा जाती प्रतिबंधित यादीत टाकल्या आणि तेगू व हिरवा इग्वाना या मोठ्या सरड्यांच्या व्यापारी पैदाशीला जून २०२४ पर्यंत मुदत दिली. दुसऱ्या राज्यात माल पाठवणाऱ्याला तिथला नियम आधी पाहावा लागतो. साप टपालाने जात नाही, म्हणून खासगी कुरिअर. खोक्यावर बाहेरून पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ता, आत कोणत्या जातीचे किती प्राणी आहेत, हे लिहायलाच हवे. तेही लेसी कायद्यामुळेच.