चेक, चेस आणि आपला शह

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी दुपारची जेवणं झाली की आजोबा आणि माझा मामेभाऊ बुद्धिबळ मांडून बसायचे. आजोबा घोडा ठेवायचे, त्याच्यावरचं बोट तसंच ठेवून हळूच म्हणायचे "शह". भाऊ चेसच्या क्लासला जायचा त्यामुळे तो "चेक आजोबा" म्हणायचा आणि आजोबांना ते खटकायचं, मराठीत बोल की रे म्हणायचे. खूप वर्षांनी कळलं की दोघं एकच शब्द बोलत होते, आणि तो मराठीही नव्हता आणि इंग्रजीही नव्हता, तो होता फारसी. शाह, म्हणजे राजा.

झालं असं की आपल्याकडचा चतुरंग इराणात गेला, तिथे राजा झाला शाह, आणि समोरच्याच्या राजावर हल्ला केला की तोंडाने "शाह" असं बजावून सांगायची पद्धत पडली. ७ व्या शतकात अरबांनी इराण जिंकला, खेळ त्यांच्याबरोबर शतरंज बनून पश्चिमेकडे निघाला आणि स्पेन, इटलीमार्गे युरोपभर पसरला. लॅटिनमध्ये शाहचा स्काकस झाला, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्रजांनी पुढचा ए गाळून चेक करून टाकला. याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन म्हणजे चेस, म्हणजे शब्दशः बघितलं तर चेसचा अर्थ "राजे" असा निघतो. चेकमेट म्हणजे शाह मात, राजा मेला की नुसता हतबल झाला यावर अभ्यासकांत वाद आहे, पण आपण कुणावर मात केली म्हणतो ती मात हीच.

आता राजाला शह बसला की बाकीचं सगळं थांबतं, आधी राजा वाचवायचा. त्यावरून इंग्रजीत चेकचा अर्थ अडवणं, रोखणं, लगाम घालणं असा झाला, हे १४ व्या शतकातच झालेलं दिसतं. पडताळून बघणं हा अर्थ बऱ्याच नंतरचा, १७ व्या शतकातला, आणि आपण चेक कर म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात फक्त हाच असतो. दोन्ही अर्थ एकत्र बघायचे तर मुलुंडचा चेकनाका घ्या. मुंबईत शिरणारे ट्रक तिथे अडवायचे पण आणि माल तपासून जकात पण घ्यायची, २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तरी बसवाले अजून चेकनाका चेकनाका ओरडतातच.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो पैशाचा धागा. १२ व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वर्षातून दोनदा प्रत्येक परगण्याचा शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी, राजाच्या खजिन्यात हिशेब द्यायला यायचा. त्यासाठी एक टेबल होतं, साधारण १० फूट लांब आणि ५ फूट रुंद, कडेला चार बोटं उंच पट्टी, म्हणजे वरचं काही खाली पडायला नको. वर काळं कापड आणि त्यावर रेघा मारलेले रकाने. एका रकान्यात पेन्स, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग वीस वीस पौंड, मग शंभर, हजार, म्हणजे आपलं एकं दहं शतं जसं चढत जातं तसंच. आकडे रोमन होते, शून्य नव्हतं, कागदावर बेरीज करणं म्हणजे संकटच, म्हणून चकत्या सरकवून हिशेब व्हायचा आणि लिहितावाचता न येणाऱ्या शेरीफलाही आपण किती देणं लागतो ते डोळ्यांनी दिसायचं. हे कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून त्या अख्ख्या खात्यालाच नाव पडलं एक्सचेकर, म्हणजे पट. हे सगळं आपल्याला माहीत आहे ते रिचर्ड फिट्झनील या खजिनदारामुळे, त्याने स्वतः लिहून ठेवलंय, आणि तो म्हणतो की पटावर जशी दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकरच म्हणतात. चेक्सचा शर्ट त्याच पटावरून आला, काळा चौकोन पांढरा चौकोन.

बँकेतला चेक मात्र थेट खजिन्यातून आलेला नाही. १८ व्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे काउंटरफॉइल, कागद फाडून दिला की मागे उरणारा तुकडा, तो जपून ठेवायचा आणि कागद परत आला की जुळवून बघायचा, खोटेपणा रोखायला. होता होता नाव तुकड्यावरून त्या कागदालाच लागलं. मग ब्रिटिशांनी स्पेलिंग बदललं, शेवटी क्यूयूई लावलं, ते एक्सचेकरच्या वळणावर. भारतातला चेकविषयीचा १८८१ चा कायदा ब्रिटिशांच्याच काळातला म्हणून आपल्या चेकबुकावर तेच स्पेलिंग. अमेरिकेत अजून साधं सीएचईसीके चालतं, आणि तिथे हॉटेलचं बिल पण चेक आणि बरोबरची खूण पण चेक. चेक प्रजासत्ताकाचा मात्र यातल्या कशाशीच संबंध नाही, ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, कानाला सारखं लागतं इतकंच.

आपल्याकडे हा शाह आला तो खेळापुरता राहिलाच नाही. आदिलशाही, निजामशाही यांच्यात तो आहेच, पण त्यातला शाही हा प्रत्यय आपण इतका आपलासा केला की राजा नसलेल्या राज्यालाही लोकशाही म्हणायला लागलो, हुकूमशाही, नोकरशाही सगळं त्यातूनच. लोकशाहीत सत्तेवर चेक हवा असं पेपरात लिहितात ना, त्या एका वाक्यात शाह दोनदा येतो आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही.

अजून मागे गेलं तर इराणचा सम्राट दारियस याने इसवी सनापूर्वी ६ व्या शतकात बिसुतूनच्या डोंगरकड्यावर लेख कोरून घेतला त्यात तो स्वतःला क्षायथिय म्हणवतो, म्हणजे राजा. शाह हे त्याचंच झिजून झालेलं रूप. आणि हा क्षायथिय आपल्या संस्कृतमधल्या क्षत्र, क्षत्रिय यांचा सख्खा नातेवाईक, एकाच धातूचा. म्हणजे आजोबा जे आपलं हवं म्हणत होते ते होतं, फक्त शहाच्या पण खूप मागे, आणि तिथपर्यंत गेलं तर भावाच्या चेकमध्येही तेवढंच होतं.